केनवडचे डाव

केनवड, ता. रिसोड
११ ऑगस्ट २०२५

मंजुषा,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, व्हॉट्सअ‍ॅपवर केलंस, इन्स्टावर तर कधीचंच. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. तुझ्या हॉस्टेलचा पत्ता कोणाकडून मिळवला ते विचारू नकोस. तुझ्या बाबांच्या भुसार दुकानातून नाही, एवढं सांगतो. ते मला पायरीवर चढू देत नाहीत. फाडायचं असेल तर आधी वाच, मग फाड.

मी जूनमध्ये चाकणची कंपनी सोडून घरी आलो. का सोडली ते नंतर. सध्या तुरीचे शेंडे खुडतो आहे. दुपारी बांधावर बसून मोबाईलवर तुझं पान उघडलं. हो, तुझं संशोधन मी वाचतो. हसू नकोस. कॉलेज सुटलं म्हणून डोकं सुटलेलं नाही.

पानाला तू "केनवडचे डाव" असं नाव दिलं आहेस. बंगळुरूच्या त्या मोठ्या संस्थेत बसून तू आमच्या पारावरच्या वाघ-बकरीवर काम करतेस, आणि तुझं मशीन ज्या डावांवरून शिकलं ते डाव आमच्या अंगणातले आहेत. खाली लिहिलं आहेस की नोंदवलेल्या खेळाडूंमध्ये सगळ्यात बळकट खेळाडू "प्र.", वय वीस, वाघाच्या बाजूने खेळतो. तो प्र. मी. साऱ्या जगात एवढ्या एकाच ठिकाणी माझ्याबद्दल चांगलं लिहिलं आहे आणि ते तू लिहिलं आहेस. मग ब्लॉक काहून?

मागच्या वर्षी जानेवारीत बाबा गेले. तू वर्गातल्या पोरापोरींसोबत भेटायला आलीस. बाकीचे हात जोडून निघून गेले, तू थांबलीस. उकंडराव आणि पारावरच्या मंडळींनी आमच्या अंगणात ताडपत्री टाकून माझ्यासमोर पट मांडला होता, आणि तुला प्रोजेक्टसाठी असाच एखादा खेळ पाहिजे होता. अग्नी मी दिलेला, दहा दिवस मला घर सोडता येत नव्हतं. मग तू रोज रिसोडहून स्कूटीवर यायचीस आणि मोबाईल स्टँडला लावून वरून पट रेकॉर्ड करायचीस. बिब्याच्या दोन बिया म्हणजे वाघ, चिंचोके म्हणजे बकऱ्या. वाघानं उडी मारून बकऱ्या खायच्या, बकऱ्यांनी दोन्ही वाघ कोंडायचे. उकंडराव म्हणजे तालुक्यात ज्याच्यासमोर कोणी बसायला धजत नाही तो माणूस, आणि मी त्याच्या बकऱ्या गिळत होतो. रोज. तू डोळे मोठे करून बघायचीस.

दहाव्याच्या आधी एका संध्याकाळी मंडळी उठून गेली. गोठ्याजवळ तू स्टँडची घडी घालत होतीस. मी विचारलं. तू "हो" म्हणालीस.

मला तेवढंच पाहिजे, बाकी काही मागत नाही. दिवाळीला तू रिसोडला येशीलच. एकदा समोर उभी राहून तेच परत म्हण. डिसेंबरात तू पेपर वाचायला परदेशात जाणार आहेस, तुझ्या पानावरच वाचलं. त्याच्या आधी म्हण. तिकडून आलेली माणसं इकडची राहत नाहीत.

प्रज्वल


केनवड
२७ ऑगस्ट

मंजुषा,

पोळा होऊन गेला, उत्तर नाही. ठीक आहे. मीच बोलतो.

तुझ्या मनात अजून त्या प्रोजेक्टच्या दिवसाचंच असेल. मग माझी बाजू पण ऐक. तू स्टेजवर नीट समजावत होतीस. मशीन आपली चाल, समोरच्याची चाल, परत आपली, असं खेळाचं झाड कसं वाढवत नेतं, सगळ्या फांद्या बघायला जन्म पुरणार नाही म्हणून कुठल्या छाटतं, आणि हे छाटणं ते माणसांच्या डावांवरून कसं शिकतं. पोरं गप होती. तेवढ्यात आपले विभागप्रमुख म्हणाले, "सगळ्यात बळकट खेळाडू कोण? हा? याचे तर मागच्या वर्षीचे तीन विषय राहिलेत. आधी त्यांना कोंडायला सांगा याला." सगळा हॉल हसला.

मी उठलो. खुर्ची हातात आली. प्रोजेक्टर मधे होता, त्यात माझा काय दोष?

पण मला घरी बसवलं ते त्यांनी नाही, तू. तू त्यांच्याकडे बघून म्हणालीस, "सॉरी सर, तो आमच्या ग्रुपमध्ये नाही." कागदावर नव्हतो, खरं आहे. पण माझ्या अंगणात बसून, माझे डाव घेऊन, माझ्याकडे न बघता तू ते म्हणालीस. कॉलेजवाले म्हणत होते, माफी लिहून दे आणि परीक्षेला बस. मी नाही दिली. तू एकदा म्हणाली असतीस तर दिली असती. तू फोन उचलला नाहीस.

चाकणलाही असंच झालं. सुपरवायझरनं आईवरून शिवी दिली. पुढचं तू समजून घे.

तुझा जुना रिपोर्ट माझ्याजवळ आहे. त्यात एक दोष लिहिला आहेस, क्षितिजाचा. मशीन ठरावीक चालींपुरतं पुढचं बघतं. वाघ कोंडणार हे त्याला दिसलं की ते मधेच एखादी बिनकामाची चाल खेळतं, कोंडणं एका चालीनं पुढे सरकतं आणि त्याच्या नजरेपलीकडे जातं. नजरेपलीकडे गेलं की त्याला वाटतं, वाचलो. हे समजावताना तू माझ्याकडे बघून हसली होतीस. तेव्हा गोड वाटलं होतं. आता विचारतो, का हसलीस?

हे पत्र टाकायला गावातल्या हरीओमच्या जीपमधून रिसोडला चाललो आहे. तो म्हणे, "रजिस्टर काहून करतं बे? पोरीले पत्र टाकून राह्यला का जमिनीचा दावा लावून राह्यला?" जीपमधल्या बायासुद्धा हसल्या. हसू दे.

घरी आईनं विचारलं, "त्या रिसोडच्या पोरीनं तुले नाई म्हनलं का?"

म्हटलं, नाही.

"मंग हो म्हनलं?"

म्हटलं, हो.

"कधी?"

म्हटलं, बाबा गेले तेव्हा. सुतकात.

आईची भाकर तव्यावर होती, ती करपली तरी उलटवली नाही. तिला तू आवडत नाहीस असं नाही. आईला, या गोजराबाईला, आवडणारी माणसं फार नाहीत, त्यात तू आहेस. मग गप का झाली, कळलं नाही.

दिवाळीला ये.

प्रज्वल


केनवड
१४ सप्टेंबर

मंजुषा,

आज जे झालं ते नीट लिहितो. मधे कुठे हात थांबला तर समजून घे.

गावी आल्यापासून मी पारावर खेळायला बसलो नव्हतो. माझ्या तोडीचं तिथे आहे कोण, असं वाटायचं. आज दुपारी उकंडराव, रतनसिंग काका आणि दोनचार जण बसले होते. मनात आलं, म्हाताऱ्याला मोबाईलवर तुझ्या पानावरचं मशीन दाखवू. खरं सांगायचं तर त्याला परत एकदा हरलेला बघायचा होता.

"हे काय व्हय?" उकंडरावनं मोबाईल लांब धरून बघितला.

"वाघ-बकरीच हाय आबा. मशीन खेळते. तुमी बकऱ्या घ्या, वाघ त्याचे."

"मानूस कुठी हाय?"

"मानूस नाही. आपल्या गावचे डाव पाहून शिकलं ते."

त्यानं धोतराला बोट पुसलं आणि खेळायला लागला. एक बकरी उघडी टाकली, तुझा वाघ धावला. दुसरी टाकली, तो परत धावला. मग म्हाताऱ्यानं मागून असा घेर आवळला की दोन्ही वाघ कोपऱ्यात. मला वाटलं, चुकून झालं. म्हटलं, परत खेळा. परत तेच. तिसऱ्या डावाला तर तो रतनसिंग काकांशी सोयाबीनच्या भावाचं बोलत बोलत खेळला.

"याले शिकवलं कोनं?"

म्हटलं, "मीच. म्हणजे माझे डाव पाहून शिकलं."

उकंडराव एवढा हसला की तोंडातली तंबाखू थुंकावी लागली. "तरीच. तुयासारखंच खेळते रे हे. समोर बकरी दिसली का धावते, मांगून कोन येऊन राह्यलं ते पाहतच नाई."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुमाले मी हरवलं हाय आबा. एकदा नाही, रोज हरवलं. रेकॉर्ड हाय त्याचं."

उकंडराव पटाकडे बघत राहिला. रतनसिंग काका खोकत खोकत म्हणाले, "सांगून टाका आता. वर्सश्राद्ध होऊन गेलं त्याच्या बापाचं."

"सुतक्याले हारवत नसतात बाप्पा," उकंडराव म्हणाला. अगदी हळू. "अग्नी देल्ला त्याच्या हाती वाघ द्याचे अन् आपुन बकऱ्या चारत जाच्या. ज्याच्या घरचं मानूस गेलं, त्याले वरून आनखी एक हार कोन देईन?"

"मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं तं मंग त्यात काय राह्यलं? त्याले कळू द्याचं नसते. तुया बाप तं काय बेमालूम हारे. देवमनसारखं हाराले या गावात कोनाले जमलं नाई. माही माय गेली तवा दहा दिवस माह्यासमोर बसला होता. मले वाटे, मीच लय शहाना. वर्षानं कळलं."

म्हणजे माझा बाप गावात हरण्यासाठी नावाजलेला होता आणि मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, आता खेळा माझ्याशी. खरं खेळा. तो म्हणाला, राहू दे. मी म्हटलं, नाही. मग खेळला. चहा यायच्या आत माझे दोन्ही वाघ कोंडले होते. दुसरा डाव मांडायला हात उचलला नाही.

तुझ्या मशीनचं काय झालं ते तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल, तरी लिहितो. त्या दिवसांत उकंडरावनं मागून घेर आवळायची चाल एकदाही खेळली नाही. मुद्दाम नाही खेळला. मशीननं बघितलं, या फांदीवरून कधी कोणी जिंकलंच नाही, आणि छाटून टाकली. आता तिथे मरण उभं असलं तरी ते तिकडे बघणार नाही. तुरीचा शेंडा वेळेत खुडला तर फुटवे फुटतात, कळ्या आल्यावर खुडला तर शेंगाच जातात. तुझे शेंडे कळ्या आल्यावर खुडले गेले, मंजुषा. तुझा दोष नाही. आमच्या गावाचा आहे. तो दोषही म्हणता येत नाही.

प्रज्वल


केनवड
२० सप्टेंबर

मंजुषा,

मागचं पत्र टाकलं आणि त्यानंतर दुसरी गोष्ट सुचली. आधी सुचली असती तर ते पत्र टाकलंच नसतं.

तुझं "हो" पण त्याच दिवसांतलं आहे.

तुला कोणी सांगितलं होतं का? तू रोज तिथे बसायचीस. मी आत पाणी प्यायला गेलो की मंडळी काय बोलायची? उकंडराव तुझ्या कानात म्हणाला असेल, पोरी, याले काही नाही म्हनू नको. का तुझं तुलाच कळलं? तुझ्यासारखीला कळलं असेल. जो माणूस रोज जिंकतो आहे आणि ज्याला हरवायला कोणी तयार नाही, त्यानं काही मागितलं तर काय उत्तर द्यायचं ते आपोआप कळत असेल.

सहा दिवस झाले, ते अंगण परत परत डोळ्यांसमोर आणतो. तू स्टँडची घडी घालत होतीस. मी विचारल्यावर घडी अर्धीच राहिली. तू माझ्याकडे बघितलंस का? मला आठवत नाही. तेवढं आठवलं असतं तर सगळं सुटलं असतं. चेहरा आठवतो तो नंतरचा, स्कूटीवरचा, आणि त्याच्यावर ओढणी बांधलेली आहे.

परवा एवढा राग आला की तुझ्या सरांचा ईमेल शोधून काढला. लिहिलं, तुमच्या विद्यार्थिनीचे सगळे डाव खोटे आहेत, पेपर थांबवा. पाठवलं नाही. पुसून टाकलं. तुला भीती घालतो आहे असं समजू नकोस. फक्त एवढंच की माझ्या हातून काय काय होऊ शकतं ते मलाच माहीत आहे. पेपर मागे घे नाहीतर तसाच वाच, ते तुझं तू बघ. माझ्या तोंडून कुठे बाहेर जाणार नाही.

मला एकच सांग. ते खरं होतं की चारलेली बकरी? खरं असेल तर दोन शब्द लिही. नसेल तर एकच लिही. पण या वेळी खेळू नकोस.

हरीओम म्हणतो, "तिनं नाई म्हनलं तं तू काय करशीन?" त्याला म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, "हेच तं भेव वाटते बे तुयं."

प्रज्वल


केनवड
८ ऑक्टोबर

मंजुषा,

तुझं पत्र आलं. दीड वर्षानं तुझं अक्षर पाहिलं. पाकीट फोडायला भीती वाटली म्हणून आधी सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री बांधली, मग गोठ्यात जाऊन फोडलं.

तू विचारलं आहेस, सुतकाच्या बाहेरचे डाव मिळतील का. उकंडराव भाऊबीजेनंतर घरी असतील का. रेकॉर्डिंगला पारावर सावली कोणत्या वेळी असते. तुझे बाबा नाही म्हणतील, तरी तू केनवडला येशील.

सगळं वाचलं. उलटून बघितलं. पाकिटातही बोट घालून बघितलं. मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर कुठेच नाही.

सावली दुपारनंतर असते. उकंडराव घरीच असतात, त्यांना जायला दुसरी जागा नाही. मीही असेन.

प्रज्वल


केनवड
२६ ऑक्टोबर

मंजुषा,

तू इथेच होतीस, सगळं तुझ्यासमोर झालं. तरी लिहितो, कारण माझ्या बाजूनं ते कसं दिसलं ते तुला माहीत नाही.

तू पारावर चढलीस आणि आधी रतनसिंग काकांच्या पाया पडलीस, ते आजारी दिसले म्हणून. मग उकंडरावांना म्हणालीस, "आबा, या वेळेस कोणाला सोडायचं नाही." ते म्हणाले, "आता कोनाच्या घरी सुतक नाई, बिनघोर ऱ्हा." सगळे हसले. तूही हसलीस. मी नाही हसलो, ते तू बघितलं नाहीस.

दुपारभर तू डाव रेकॉर्ड केलेस. मी दोनदा बसलो, दोनदा कोंडलो गेलो. मग मला एक सुचलं आणि मी म्हटलं, तू बस माझ्यासमोर. तू म्हणालीस, "मला कुठे येतं?" म्हटलं, येतं तेवढं खेळ. मी मनाशी ठरवलं होतं: हिनं जिंकू दिलं, तर हिला अजून माझी कीव येते. हिनं हरवलं, तर जे काय ते खरं.

तू तोंडाला पदर लावून विचार करणाऱ्या बाईसारखी ओढणी दातात धरलीस. माझ्या वाघानं तुझी पहिली बकरी खाल्ली, दुसरी खाल्ली. मला वाटलं, चारते आहे. मग तू मागून यायला लागलीस. उकंडरावांची चाल, त्यांच्यापेक्षा सावकाश. मधेच माझं बोट चुकलं तेव्हा तू म्हणालीस, "नीट बघ, तिथे जागा आहे." जागा होती, पण एका चालीपुरती. मी ती घेतली. पुढच्या चालीला कोंडला गेलो.

"पोरीनं दोन्ही वाघ गोठ्यात बांधले," उकंडराव म्हणाले.

मंडळी उठली. तू स्टँड आवरत होतीस. मी विचारलं, "त्या दिवशीचं?"

तू स्टँड खाली ठेवलास. या वेळी तू माझ्याकडे बघितलंस, हे मला आता मरेपर्यंत आठवेल.

"तुझे बाबा गेले होते रे," तू म्हणालीस. "मी काय म्हणणार होते?"

मी पटावरचे चिंचोके गोळा करायला लागलो.

"तू जेवत नव्हतास. तुझी आई मला म्हणाली होती, पोरी, तू आलीस की तो दोन घास खातो. मग तू विचारलंस. दहावं झालं की नीट सांगेन असं ठरवलं होतं. तोवर तू फोनवरूनच अर्ध्या कॉलेजला सांगून मोकळा झाला होतास. मग तर मला तोंडच उघडता येईना."

मी म्हटलं, "आणि 'आमच्या ग्रुपमध्ये नाही'?"

"ते चुकलं माझं. पण ते दुसरं आहे, प्रज्वल. ते यात मिसळू नकोस."

मग तू तुझ्या कामाचं सांगितलंस, तेही एवढ्या सहज की मला कळायला वेळ लागला. तू सरांना सगळं खरं सांगितलंस. पेपर मागे घेतलास. डिसेंबरचं गेलं. पुढच्या वर्षी होईल की नाही, माहीत नाही. आता इथले खरे डाव मिळाले तर मशीन परत पहिल्यापासून शिकवायचं. माझी दोन पत्रं घेऊन तू सरांच्या खोलीत गेली होतीस असं म्हणालीस. कुठली दोन, ते विचारायची हिंमत झाली नाही.

हरीओमनं तुला रिसोडला सोडलं. जाताना तू आईला भेटायला घरात गेलीस. आत काय बोललात माहीत नाही. आई डोळे पुसत बाहेर आली आणि मला म्हणाली, "तिले शिव्या देऊ नको. शिव्या द्याच्या तं मले दे." मी कोणालाच दिल्या नाहीत. दोन दिवस घरात बोललो नाही, एवढंच. काल तिनं ताट वाढून समोर सरकवलं आणि म्हणाली, "जेव, नाईतं आता कोनाले बलावू मी?" मी जेवलो.

राग येईल असं वाटलं होतं. रागाची मला सवय आहे, त्यात माणूस उभा तरी राहतो. हे तसं नाही. हरभऱ्याच्या पेरणीला तासभर तिफण धरून चाललो, मग बघितलं तर बियाण्याचा चाडा रिकामा होता.

तू म्हणालीस तसे डाव पाठवत जाईन. मोबाईल पारावर कसा बांधायचा ते तू दाखवलंच आहेस.

प्रज्वल


केनवड
१९ नोव्हेंबर

मंजुषा,

या आठवड्याचे डाव कमी आहेत, त्याचं कारण सांगतो. रतनसिंग काका सोमवारी पहाटे गेले. तू पाया पडली होतीस ते.

त्यांचा पोरगा किसनसिंग माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. शेलूबाजारला गॅरेजात असतो. माझं आणि त्याचं जमत नाही. एका कबड्डीच्या सामन्यात त्यानं माझा दात पाडला होता आणि मी त्याच्या गाडीची हवा सोडली होती. बापाशीही तो भांडूनच गेला होता, शेवटच्या वेळी बोलणं झालं नव्हतं. तिकडून आला तेव्हा माती द्यायचीच वेळ झाली होती.

काल उकंडराव घरी आले. म्हणाले, "पट घेऊन चाल. माह्याच्यानं बसवत नाई त्याच्यापुढं. रतनसिंग माह्या बरोबरीचा होता." मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला न्या. ते म्हणाले, "देवमनचं पोट्टं हायस तू."

गेलो. किसनसिंग भिंतीला टेकून बसला होता, डोक्याला टॉवेल. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. मी ताडपत्रीवर कोळशानं पट काढला, वाघ त्याच्यासमोर ठेवले, चिंचोके माझ्याकडे. तो बराच वेळ हललाच नाही. मग एक वाघ सरकवला, मला हाकलून देण्यासारखा.

मंजुषा, हरणं फार अवघड आहे. मला वाटायचं, हरणं म्हणजे नुसतं सोडून देणं. तसं केलं तर समोरच्याला लगेच कळतं. तो खेळतोही वाईट, माझ्याहून वाईट, दोन वेळा तर त्याचे वाघ आपणहून कोपऱ्यात जाऊन बसले. एक चिंचोका सरकवला असता तर डाव संपला असता. हात तिथपर्यंत गेला. ज्यानं माझा दात पाडला त्याला कोंडायचं होतं, आणि मला कित्येक दिवसांत कोणीही जिंकू दिलेलं नव्हतं. मी चिंचोका दुसरीकडे ठेवला. विचार करतो आहे असं दाखवायला कपाळ खाजवलं. तेव्हा मनात आलं, तूही अशीच थांबली असशील. घडी अर्धी ठेवून. तेवढ्यात तुला किती फांद्या बघाव्या लागल्या असतील आणि त्यातल्या एकीवरही मी नीट उभा नव्हतो.

त्यानं बकरी खाल्ली. मग आणखी एक. तिसऱ्या डावाला त्यानं डोक्यावरचा टॉवेल काढला. त्याची आई दारात येऊन उभी राहिली, पटाकडे नाही, त्याच्याकडे बघत.

उठताना तो म्हणाला, "लय दिवसानं खेळलो बे. जमते ना मले?"

म्हटलं, "जमते. मलेच सुचलं नाही आज."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला खरं वाटलं.

हे डाव रेकॉर्ड केलेले नाहीत. मागू नकोस. पुढचे आठ दिवस पारावर मी नसेन, उकंडराव दुसऱ्या कोणाशी खेळतील, मोबाईल हरीओम लावेल. त्याचा अंगठा मधे येतो, तेवढं चालवून घे.

मला आता निघायला पाहिजे. किसनसिंग वाट बघत असेल.

प्रज्वल